पानोपानी

ज्याचा मान राखायचा त्याचीच वस्तू त्या मानाच्या भाराने नाश पावू लागली, तर राखणाऱ्याने मानाकडे पाहावे की वस्तूकडे, असा प्रसंग माझ्यावर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आला. मान देणारा ठराव माझ्या हातचा होता. तो मोडण्याचा अधिकार मात्र मला कोणी दिलेला नव्हता. जे केले ते मी पुन्हा करीन, हे आरंभीच सांगून ठेवतो. पुढील मजकुरात पश्चात्ताप शोधण्याचे कष्ट कोणाला पडू नयेत.

दोन हजार सहा सालच्या माघातील ती सकाळ. जुन्नरच्या पेठेत मांगीलालशेठांच्या कापडदुकानाच्या माडीवर आमच्या ग्रंथरक्षण मंडळाची खोली होती. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील एकशे सत्तावीस घराण्यांनी आपापल्या पोथ्या मंडळाकडे दिल्या होत्या. चेतना नावाच्या आमच्या संगणकचालिकेने सहा वर्षे खपून त्यांच्या पानापानाची छायाचित्रे घेतली आणि पोथ्या ज्याच्या त्याला परत गेल्या. एकेचाळीस हजार पाने एका काळ्या पेटीच्या पोटात, एका डिस्कवर होती. त्यांची दुसरी प्रत टेपवर उतरवून ठेवायची, याला चेतना बॅकअप म्हणे. एकोणीस दिवस ती तो बॅकअप घेत होती आणि एकोणीस दिवस तो पुरा होत नव्हता. भारनियमनामुळे वीज दहाला येई आणि चारला जाई. त्या सहा तासांत पडद्यावरची निळी पट्टी साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचे आणि विझे. चेतनाने वायर बदलली, टेपचे यंत्र पुसले, विषाणू शोधणारा कार्यक्रम बंद केला, नव्या टेपा आणवल्या. पट्टी साठावरच. त्या सकाळी तिने सहज म्हणून एका पानावर संगणकाचा उंदीर नेऊन त्याचे उजवीकडचे बटण दाबले आणि ‘सिक्युरिटी’ असे लिहिलेली चौकट उघडली. चौकटीत नावे होती. ती खाली सरकवू लागली. नावे संपेनात. मधूनमधून नावाऐवजी नुसते लांबच लांब आकडे येत. ती माणसे वारली, त्यांच्या जागी मुलांची नावे लागली, पण जुन्या नावाची खूण पुसली गेली नव्हती, असे तिने सांगितले. मी खुर्ची पुढे ओढली. “ही कसली यादी?” “मानकऱ्यांची, सगळ्या घराण्यांची. प्रत्येक पानाला आहे, गुरुजी.” “प्रत्येक पानाला का?” तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात आश्चर्य होते, थोडी दयाही असावी. “तुमचाच ठराव आहे ना. पानोपानी.”

शब्द आपल्याच तोंडचा असला आणि सात वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून परत आला, की तो ओळखायला क्षणभर लागतो. तो क्षण मला अजून अंगावर जाणवतो. माडीच्या खिडकीतून कांद्याच्या गोण्यांचा वास येत होता आणि खाली कोणी गजाने कापड मोजत होते. नव्व्याण्णव साली मंडळ स्थापन झाले तेव्हाच्या सभेत भांडण झाले होते. कोणाच्या पोथीवर कोणाचे नाव आधी, कोणाला नारळ पहिला, कोणाला विडा मागून. जत्रेतल्या मानपानावरून ज्यांची घरे दोन दोन पिढ्या बोलत नाहीत अशी माणसे त्या एका सतरंजीवर बसली होती. मंडळाचा चिटणीस या नात्याने ठराव मी लिहायचा होता. मला ते भांडण मिटवायचे होते, आणि खरे सांगायचे तर मला एक सुंदर वाक्यही लिहायचे होते. ‘संग्रहातील पानोपानी सर्व मानकऱ्यांचा समान अधिकार राहील.’ मानाच्या विड्याचे पान आणि पोथीचे पान एकाच शब्दात बसले, म्हणून मी स्वतःवर प्रसन्न झालो होतो. सभेने टाळ्या वाजवल्या. चेतना तेव्हा नवी होती, नारायणगावाहून रोज एसटीने येई. तिने ठराव वाचला आणि तो अक्षरशः पाळला. जसजशी पाने येत गेली तसतशी तिने प्रत्येक पानावर प्रत्येक घराण्याचे नाव स्वतंत्र लावले. मी वाक्य लिहून घरी गेलो होतो; ओझे त्या मुलीने आणि त्या यंत्राने वाहिले. आणि सात वर्षांत मी एकदाही विचारले नाही, की बाई, पानोपानी म्हणजे तू नेमके काय केलेस.

मी कागद घेतला. एकेचाळीस हजार गुणिले एकशे सत्तावीस. बावन्न लाखांच्या वर नावे. पान उचलायचे तर यंत्राला त्याची सारी नावे वाचायची, पडताळायची, टेपवर पानाबरोबर लिहायची. पान एक, पालखीला माणसे सव्वाशे. “नावे सोडून नुसती पाने नेता येणार नाहीत का?” “आपला कार्यक्रम तसं ऐकत नाही, गुरुजी. पान घेतो ते नावांसकट.” अनुमान प्रमाणाला लावून पाहावे म्हणून मी माझ्या स्वतःच्या मालकीची एक वही पुढे केली. माझ्या गुरूंची व्याकरणावरची टिपणे, दोनशे बारा पाने, मीच मंडळाला दिलेली. चेतनाने ती टेपवर नेली. मी मनगटावरच्या घड्याळात पाहत होतो. तीन मिनिटे सात सेकंद. मग तिने त्या पानांवरची नावे काढली, ती पाने ज्यात होती त्या वरच्या संचिकेला एकच नाव ठेवले, आणि पुन्हा नेली. चौतीस सेकंद. ती हसली, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. “पानांना वेगळं काही सांगायलाच नको,” ती म्हणाली. “वर एकदा सांगितलं, की खाली आपोआप लागू होतं.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. निमगाव सावाच्या कुणब्याचे पोर मी. बाराव्या वर्षी पुण्याच्या पाठशाळेत गेलो तेव्हा वर्गात माझ्या आडनावाचा दुसरा कोणी नव्हता. व्याकरणात एक प्रकारचे सूत्र असते, त्याला अधिकारसूत्र म्हणतात. ते एकदाच सांगायचे. त्याखालच्या शेकडो सूत्रांत ते न उच्चारता वाहत राहते. मला ते पटत नसे. मी प्रत्येक सूत्र म्हणताना वरचे शब्द पुन्हा म्हणे, दर वेळी, मोठ्याने, आणि पाटीवरही लिही. मुले हसत. गुरूंनी एके दिवशी माझी पाटी हातात घेतली. “हे परत परत का म्हणतोस? वर सांगून झाले आहे. खालच्यांना ते ऐकू येते, बाळा. तू एवढा घाबरू नकोस.” मी कशाला घाबरतो हे त्यांनी विचारले नाही, कारण त्यांना ते कळले होते. एका सूत्रात जरी म्हणायचे राहिले, तरी कोणी विचारील, तुला इथे कोणी बसवले. म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. पडद्यावरची ती यादी पाहताना मला प्रथम राग आला होता. मग मला त्या पाटीची आठवण झाली आणि राग कोणावर धरावा हे कळेनासे झाले. एकशे सत्तावीस घराणी, प्रत्येक जण पानोपानी मोठ्याने आपला अधिकार म्हणत आहे, आणि मी त्यांना तसे म्हणायला शिकवले आहे.

दरम्यान डिस्क वाजू लागली होती. आत कोणी सुपारी कातरत असावे तसा आवाज. पुण्याच्या तंत्रज्ञाने फोनवर तो आवाज ऐकला आणि सांगितले, हिचे थोडे दिवस राहिले. फार वेळ वाचायला लावू नका, चार तासांच्या आत होईल तेवढे काढून घ्या. नावांसकट दहा तास लागत. आधी अर्ध्या पोथ्या, मग उरलेल्या, असे करावे, हे मीही आठवड्यापूर्वीच सुचवले होते. पण पहिल्या अर्ध्यात कोणाची पोथी, यावर विश्वस्तांचे फोन तीन दिवस चालले आणि शेवटी निर्णय झाला, की कोणीही आधी नको, सर्वांची पाने एकदमच जावीत. ज्यांच्या घरी मूळ पोथ्या सुरक्षित होत्या त्यांना हे सांगणे सोपे होते. मढच्या साळुबाईंच्या घरी काही उरले नव्हते. त्यांच्या सासऱ्यांची झाडपाल्याच्या औषधांची मोडी पोथी, नवरा वारल्यावर दिराने अस्थींबरोबर नदीत सोडली. जुनी पोथी पाण्याला देतात, त्याने रीतीप्रमाणे केले. आता ती पोथी आमच्या काळ्या पेटीत होती, आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

साळुबाई दर महिन्याला येत. सत्तरी उलटलेली बाई, मढहून एसटीने, पदराला बांधलेल्या शेंगा चेतनाच्या टेबलावर सोडायच्या आणि म्हणायचे, “दाव गं माझी पानं.” अक्षर एक येत नव्हते. पानांवर कुठे पाल्याचा हिरवट डाग, कुठे तुपाचे बोट. त्या डागांवरून त्या पान ओळखत. “ह्ये मुतखड्याचं. ह्ये लेकराच्या पोटाचं. ह्यावर मालकांनी लहानपणी रेघुट्या मारल्यात, सासऱ्यांनी लई हाणला व्हता.” बोट काचेपासून तसूभर दूर धरून त्या सारे सांगत, स्पर्श करीत नसत. त्या दिवशी दुपारी त्या आल्या तेव्हा पेटीतला आवाज त्यांनीही ऐकला. मी त्यांना काहीही न लपवता सांगितले. “मंग माझं नाव काढा की,” त्या म्हणाल्या. “मला कुठं वाचता येतंय. नाव घिऊन काय करू?” मी म्हणालो, तुमचे एकटीचे काढून भागणार नाही, सर्वांची काढावी लागतील. तुमच्या पोथीवरची तेवढी आज काढतो, ती उतरवून ठेवतो. “आन् बाकीच्यांची?” “ती सभेवर.” त्यांनी मान हलवली. “न्हाई मास्तर. माझी येकटीची वाचली आन् लोकांची बुडाली, तर मी तिच्याकडं कोन्च्या तोंडानं बगू? घ्याची तर समद्यांची घ्या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.” मी तिसऱ्या प्रहरी मंडळाचे अध्यक्ष मांगीलालशेठ यांच्याकडे गेलो तो ते वाक्य बरोबर घेऊन.

शेठ गादीवर बसले होते. शेजारी पिंपरी पेंढारचा गेणभाऊ, विश्वस्त, माझा ओतूरच्या शाळेतला विद्यार्थी. मी सारे मांडले. पानांवरची नावे काढायची, वर एकदाच ‘मानकरी’ असा एक समूह ठेवायचा, त्यात सर्व घराणी. कोणाचा अधिकार जात नाही, फक्त तो पानोपानी म्हटला जाणार नाही. शेठांनी शांतपणे ऐकले. “मास्तर, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण ठराव सर्वसाधारण सभेचा आहे. सभा अक्षय्य तृतीयेला.” “डिस्क अक्षय्य नाही, शेठजी.” ते हसले नाहीत. गेणभाऊ मात्र हसला. “मास्तर, तुमी मला संस्कृतात नापास केलं, त्ये आमी सोडलं. आता नावच पुसाया निघाला व्हय?” “पुसत नाही. त्या एका शब्दात तू आहेस, शेठही आहेत.” “दिसंल का त्यात माझं नाव?” “पानावर नाही दिसणार.” “मंग.” त्याने तंबाखू तळहातावर घेतली आणि मळायची विसरून तशीच धरून ठेवली. “गावच्या जत्रंत आमच्या घराला इडा सगळ्यात मागून. आज्यापासनं. पावणं-रावळं उठून गेल्याव आमची पाळी. तुमच्या त्या पेटीत पयल्यांदा आमी शेठच्या बराबरीनं. दर पानाव. पोराला इथं आनून दावलंय म्या, ह्ये बघ, आपलं नाव. आन् तुमी म्हंता वर येकदाच सांगू, खाली आपोआप कळंल. आमच्या बाबतीत आजवर आपोआप काय बी कळलं न्हाई कुनाला.” पाटी हातात घेऊन ‘घाबरू नकोस’ म्हणणारा एक माणूस मला भेटला होता. गेणभाऊला शाळेत मी भेटलो, आणि मी त्याला पस्तीसपैकी अकरा गुण दिले. मी उठलो. “उद्या दहाला वीज आली की नावे काढतो,” मी म्हणालो. “चोरून नव्हे. तुम्हां दोघांना सांगून.” शेठ म्हणाले, “मास्तर, ठराव तुमचा, अक्षर तुमचं.” मी म्हणालो, “म्हणून तर दुसऱ्या कोणावर सोडत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी स्नान करून, धूत वस्त्र नेसून माडीवर गेलो. यंत्रासमोर बसताना तसे नेसण्याचे कारण नव्हते. पण अनेकांचे काही काढून घ्यायचे तर अंगावर कालचे कपडे नकोत असे वाटले. चेतनाने विचारले, “माझी नोकरी जाईल का, गुरुजी?” “उंदीर माझ्या हाती दे. कुठे दाबायचे ते सांग. दाबणारा मी.” तिने जागा दाखवली आणि मी दाबले. सर्वांत प्रथम मी माझे नाव काढले. मग एकशे सव्वीस. मग ते लांबलचक आकडे, ज्यांना आता नावेही नव्हती. तिथे मी मनात एकेकाला नमस्कार केला आणि काढले. वर एक शब्द लिहिला, ‘मानकरी’. खालच्या सर्वांना हेच लागू, या चौकटीत खूण केली. यंत्र कामाला लागले. पाने झरझर जाऊ लागली, प्रत्येक पान आपल्यावरचे सव्वाशे जणांचे ओझे उतरवून. त्यात पंचवीस मिनिटे गेली, आणि सुपारी कातरल्याचा आवाज चालू होता. मग चेतनाने टेप घातली.

निळी पट्टी तीसवर असताना जिना वाजला. गेणभाऊ पुढे, मागे शेठ, धापा टाकत. गेणभाऊने भिंतीवरच्या मुख्य बटणाकडे पाहिले आणि मी त्याच्या पाहण्याकडे. मी उठून त्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. माझी पाठ बटणाला लागत होती. “बाजूला व्हा, मास्तर.” “नाही.” “मी हात लावला तर तुमी पडाल. वय बघा.” “पडेन. मग बटण दाब.” तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याच्या सदऱ्याला टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास होता; शेतातून तसाच आला असावा. त्याचे डोळे ओले होते की रागाने लाल, मला ठरवता येईना, आणि मला त्याच्याबद्दल प्रेम वाटले, आणि मी तसूभर हललो नाही. आयुष्यभर मी परवानगी मागून आत गेलो होतो: पाठशाळेच्या ओसरीवर, ग्रंथालयाच्या कपाटापाशी, पंडितांच्या पंगतीच्या टोकाला. त्या भिंतीशी मी कोणाला काही विचारले नाही. शेठ म्हणाले, “मास्तर, राजीनामा द्या आणि काय ते करा. निदान मंडळाच्या नावाने नको.” “राजीनामा देणार नाही. काढायचे तर तुम्ही मला काढा. मी चिटणीस म्हणूनच हे करतो आहे.” “अहो, हट्टाला काही सीमा?” “आहे. ती पट्टी शंभराला पोहोचेपर्यंत.” चेतना पडद्याकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलले, हसण्याने की रडण्याने, कोण जाणे. शेवटी गेणभाऊने स्टूल ओढले आणि तो बसला. “लिवून घ्या मंग. पिंपरी पेंढारच्या गेणभाऊनं इरोध केला. नावानिशी लिवा.” मी चेतनाला इतिवृत्ताची वही मागितली आणि भिंत न सोडता, वही डाव्या तळहातावर धरून, तसेच लिहिले, त्याचे संपूर्ण नाव, वडिलांचे, आजोबांचे, गावासह. त्याने वाकून वाचले. “आज्याचं नाव बरुबर लिवलंय,” तो म्हणाला, आणि मग आम्ही चौघेही त्या निळ्या पट्टीकडे पाहत राहिलो. बारा वाजून एकतीस मिनिटांनी ती भरली. दहा तासांच्या जागी एक तास पन्नास मिनिटे.

चौथ्या दिवशी ती डिस्क उठली नाही. पुण्याला टेप वाचून पाहिली तेव्हा एकेचाळीस हजार पाने जशीच्या तशी निघाली. अक्षय्य तृतीयेच्या सभेने मला चिटणीसपदावरून काढले. पाने वाचली हे सर्वांना मान्य होते. ठराव मोडला हेही सर्वांना मान्य होते, आणि सभेला दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरता आल्या याचे मला कौतुक वाटले. मला काढण्याच्या ठरावात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या दाखवल्या आणि मगच खाली बसलो. क्षमा मागा, म्हणजे सल्लागार म्हणून ठेवू, असे शेठांनी कानात सुचवले; मी मागितली नाही. पानोपानी हा शब्द लिहिल्याबद्दल मी सभेची क्षमा मागितली, तो मोडल्याबद्दल नाही. यातला फरक किती जणांना कळला ते मी मोजले नाही. गेणभाऊने माझ्या विरुद्ध हात वर केला आणि सभा संपल्यावर आपल्या मोटरसायकलवरून मला एसटी स्थानकापर्यंत सोडले. वाटेत आम्ही यंदाच्या टोमॅटोविषयी बोललो.

आता मी त्या माडीवर जात नाही. गुडघे जिना चढू देत नाहीत. चेतनाचे पत्र येते, त्यात साळुबाई येऊन पाने पाहून गेल्याचे असते. दोघींना चांगली दृष्टी लाभो. मांगीलालशेठांचा श्वास सुखाचा राहो. गेणभाऊच्या नातवंडांना पंगतीत कोणी मागे बसवू नये, आणि बसवलेच तर त्यांना उठून पुढे येण्याचे बळ असावे. ज्यांची नावे मी काढली, जिवंत आणि गेलेले, त्या सर्वांचे कल्याण असो.